चिकटवलेला जुना कागद पावसाळ्यात फुगतो तेव्हा

जुलै लागला की जुने कागद चिकटवून कोलाज, म्हणजे चिकटचित्रं, करणाऱ्यांकडून मला ठरावीक फोटो येऊ लागतात. कोलाजच्या बरोबर मधे पुरीसारखा टम्म फुगा. कोपऱ्यातून उठलेलं पंचांगाचं पान. धनुष्यासारखा वाकलेला बोर्ड. आणि फोटोखाली हमखास एकच प्रश्न: "कुठला गम वापरू?"

मीही बरीच वर्षं हेच विचारत होते. पांढरा गम झाला, गम स्टिक झाली, चित्रकारांचं महागडं मॅट मीडियम झालं. दर पावसाळ्यात तेच. मग हळूहळू लक्षात आलं की गमाला उगाच शिव्या घालतोय. रद्दीतून आणलेला कागद नेमका कसला आहे, त्यावरची शाई कसली आहे, हे न बघताच आपण त्यावर पाणी फासत असतो. कारण गम म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. एकाच चित्रात 1930ची खतावणी, 1970चं लॉटरीचं तिकीट आणि 1990चं चकचकीत कॅलेंडर लावलं, की तीन वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांना एकाच खोलीत कोंडल्यासारखं होतं. पाणी प्यायल्यावर तिघं तीन तऱ्हांनी वागतात.

म्हणून खाली आधी लक्षण, मग कारण, मग उपाय असं लिहितेय. फुग्यांवर जास्त लिहिलंय, कारण नव्वद टक्के फोटो त्यांचेच असतात.

फुगे, सुरकुत्या, वाकलेला बोर्ड

यातलं खरं शिक्षण मला पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांकडे मिळालं. मी एका जुन्या रोजकीर्दीची पाठ शिवून घ्यायला गेले होते. ते पानाला खळ लावत, पान तसंच बाजूला ठेवत, दुसऱ्याला लावत, तिसऱ्याला लावत, आणि मग पहिलं उचलून चिकटवत. मला वाटलं, कामाची सवय असेल. विचारल्यावर म्हणाले, "ताई, कागदाला आधी पोटभर पाणी पिऊ द्यायचं. मग तो लोळतो, ताणतो, गप होतो. गप झाल्यावर चिकटवायचा. तुम्ही लोक तो पीत असतानाच दाबून धरता."

झालं, सगळं एवढ्यातच आलं. कागद ओला झाला की पसरतो. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने लोळलेले असतात. बाइंडर याला ग्रेन म्हणतात. तंतू भिजले की जाड होतात, लांब फारसे होत नाहीत. त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने बराच वाढतो आणि ग्रेनच्या दिशेने जेमतेम. मी एकदा खतावणीचं सुटं पान पट्टी लावून मोजलं होतं: भिजवल्यावर रुंदीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक, उंचीत जवळजवळ काही नाही. आता हे पान कोरडं असतानाच गम लावून लगेच बोर्डावर दाबलं, तर ते दोन-तीन मिलिमीटर जाणार कुठे? वरच उठणार. तोच तुमचा फुगा.

ग्रेन कळायची सोपी युक्ती: कागदाच्या कडेचा पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा कापा, कुठली बाजू वर होती ते पेन्सिलने खूण करून ठेवा, आणि एका बाजूने ओल्या बोटाने भिजवा. तो नळीसारखा वळेल. नळी ज्या दिशेने लांब आहे ती ग्रेन. तुकडा कापवत नसेल तर पान दोन्ही दिशांनी अलगद दुमडल्यासारखं करून बघा, घडी न घालता. ज्या दिशेने ते कमी कुरकुर करत वळतं तिथे घडीची रेघ ग्रेनला समांतर असते. हातकागदात ही भानगड जवळजवळ नसते, तो सगळीकडे सारखाच वाढतो. जुन्या मोडी कागदांचं चिकटकाम त्यामुळे सोपं वाटतं. (ते कापावेत का, हा वेगळा विषय. त्यावर शेवटी येते.)

मी आता करते ते असं. कागदाच्या मागच्या बाजूला स्प्रेच्या बाटलीने बारीक तुषार मारते, तोही लांबून. पाच मिनिटं थांबते. कागद आधी वेडावाकडा होतो, मग पुन्हा सरळ लोळतो. तो लोळला की गमाचा पातळ हात, मधून कडांकडे. बोर्डावर ठेवून वर बटर पेपर घ्यायचा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मधून बाहेर ढकलत न्यायचं. बटर पेपरशिवाय कार्ड चालवलं तर ओली छपाई खरवडली जाते. हे ज्ञान मला एका सुंदर काडेपेटीच्या लेबलाच्या मोबदल्यात मिळालं. मग टीपकागद, त्यावर पाट, पाटावर शब्दकोश. टीपकागद पहिल्या तासात दोनदा बदलायचा, नाहीतर ओल आतच घुटमळते. पूर्ण रात्र तसंच ठेवायचं. पंख्याखाली वाळत टाकायची घाई केली की कडा आधी सुकतात, मध्य मागे राहतो आणि पुन्हा पोट सुटतं.

बोर्ड वाकण्याचं गणित याच्या उलट आहे. पसरलेला कागद सुकताना आकसतो आणि बोर्डाला स्वतःकडे ओढतो. म्हणून चित्राच्या पाठीमागेही तशाच जाडीचा कागद, त्याच गमाने, ग्रेनची दिशा तीच ठेवून चिकटवायचा. दोन्हीकडून सारखी ओढाताण झाली की बोर्ड सरळ राहतो. पाठीला कोण बघतंय म्हणून हे टाळलं जातं, आणि मग ऑगस्टमध्ये फोटो येतो.

"पण माझं चित्र तर आठ महिने छान सपाट होतं!" असंही खूप जण म्हणतात. ते खरंच असतं. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. कागद ती हवा पितो आणि पुन्हा पसरतो. जिथे गम नीट पोचला नव्हता तिथे तो उठतो. म्हणजे फुगा ऑगस्टमध्ये दिसला तरी चूक डिसेंबरातली असते. त्यातून चित्र बाहेरच्या भिंतीला, ओल येते त्या बाजूला लावलं असेल तर मग बोलायलाच नको.

खळीबद्दल विचारतात म्हणून: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन थोडी पारदर्शक चकाकी आली की उतरवायची आणि गाळणीतून घोटून काढायची. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. तिचा मोठा गुण म्हणजे चुकलं तर ओलाव्याने सुटते. पांढरा गम एकदा सुकला की साध्या पाण्याला सहसा बधत नाही. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. मी घालत नाही. मोरचूद विषारी आहे आणि त्यातलं तांबं कागदाचं आयुष्यही कमी करतं.

शाई पसरली, जांभळं झालं

ही माझी सगळ्यात दुखरी जागा आहे. आजोबा गिरणीत होते, आजी गावी. दर महिन्याला मनीऑर्डर जायची आणि फॉर्मच्या खालच्या कूपनवर चार ओळींचा मजकूर असायचा. पैसे मोजून झाले की तेवढं कूपन घेणाऱ्याकडे राहायचं. आजीने ती जपून ठेवली होती. त्यातलं एक मी आत्याच्या साठीला करायच्या चित्रात वापरलं. मजकूर करड्या पेन्सिलीचा दिसत होता. पेन्सिल पाण्याला घाबरत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. तुषार मारला, आणि बघता बघता प्रत्येक अक्षरातून गर्द जांभळा रंग फुटला. "पैसे" मधला मात्रा आधी, मग आख्खी ओळ. अर्ध्या मिनिटात त्या जागी जांभळं तळं.

ती साधी पेन्सिल नव्हती, कॉपिंग पेन्सिल होती. तिच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर जांभळा रंग मिसळलेला असतो. कोरडी असेपर्यंत करडी दिसते, ओली झाली की पक्की शाई होते. पावत्या, बिलं, सरकारी फॉर्म, सगळीकडे ती चालायची, कारण खोडता येत नाही. ओळखायची खूण म्हणजे लिहिणारा टोक जिभेला लावायचा, त्यामुळे अधूनमधून एखाद्या शब्दाचं पहिलं अक्षर जांभळट असतं. भिंगाने बघा, दिसतं. मला नंतर दिसलं. नंतर सगळंच दिसतं.

त्यामुळे आता हाताने लिहिलेलं किंवा शिक्का मारलेलं काहीही आलं की आधी चाचणी. कान साफ करायची काडी जेमतेम ओली करायची, मजकुराच्या बिनमहत्त्वाच्या टोकाला दहा सेकंद टेकवायची, वर टीपकागद दाबायचा आणि टीपकागद बघायचा. रंग उतरला तर पाणी बंद. प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी घ्या. एकाच हुंडीवर काळं सुरक्षित आणि लाल वाहून गेलेलं मी पाहिलंय.

ढोबळ अंदाज असा धरा. छापखान्याची छपाई, जुने लिथो, कॅलेंडरवरचे देव, यांची शाई तेलकट असते, पाण्याला दाद देत नाही. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता, तिथल्यासारखी ओलिओग्राफं, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, यातच आली. बॉलपेन पाण्याला टिकतं पण वार्निशच्या स्प्रेला विरघळतं. फाउंटन पेनची निळी शाई आणि वहीतल्या लाल रकमा बहुधा जातात. रबरी शिक्क्यांचा जांभळा तर जातोच जातो. मोडी कागदावरची शाई काजळ आणि डिंकाची. ती शतकं उलटली तरी फिकी पडत नाही, पण ओल्या बोटाने पुसली जाते. आणि एसटीची जुनी पंच मारलेली तिकिटं: त्यांच्यावरची छपाई टिकते, खालच्या स्वस्त रंगीत कागदाचा रंग मात्र गमात उतरतो आणि उन्हात उडतो. हल्लीचं यंत्रातून येणारं तिकीट थर्मल कागदाचं, त्याला तर चित्रात घेऊच नका. उष्णतेने काळं पडतं, एरवी वर्ष-दोन वर्षांत कोरं होतं.

शाई जात असेल तर तीन वाटा आहेत. फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे दोन-तीन हलके हात, पुन्हा चाचणी, मग कमी पाण्याचा गम. किंवा पाणीच नको, दोन्हीकडून चिकटणारी फिल्म. किंवा लेझर प्रिंट काढून ती वापरणं, आणि मी हल्ली बहुतेक वेळा हेच करते. लेझरचा टोनर पाण्याला पक्का असतो. घरच्या इंकजेटची प्रिंट मात्र बऱ्याचदा जुन्या शाईपेक्षाही जोरात पसरते, त्यामुळे दुकानातून काढून आणा आणि "लेझरच आहे ना?" असं दोनदा विचारा. जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर प्रिंट काढली तर कुणाच्या बापाला कळत नाही.

पिवळं पडणं, तुकडे पडणं

जुन्या पुस्तकात वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलेलं असतं. ते उचललं की पुस्तकाच्या पानावर बरोबर त्याच आकाराचा तपकिरी चौकोन उमटलेला दिसतो. चित्रात नेमकं हेच होतं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या दळलेल्या लगद्याचा. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातलं तंतू धरून ठेवणारं द्रव्य, राहिलेलं असतं, प्रकाश आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. शिवाय एकोणिसाव्या शतकापासून शाई फुटू नये म्हणून कागदात राळ आणि तुरटी घालायला लागले, त्यातून आम्लता आली. आम्ल कागदाचे तंतू आतून तोडत राहतं आणि शेजारच्या कागदातही उतरतं. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी 1912च्या सुमारास वर्तमानपत्रं चिकटवली, तीही आज तपकिरी आहेत. आपण कोण.

याउलट जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा जुना हातकागद बघा. चिंध्या-तागाचा लगदा, खळ लावून घोटलेला. दोनशे वर्षांनीसुद्धा हातात घेतला तर खणखणीत वाजतो. म्हणजे जुना तो कमजोर, हा हिशेब चुकीचा आहे. 1970च्या रहस्यकथेचं पान 1790च्या कागदापेक्षा कितीतरी आधी मोडतं. कोपरा एकदा इकडे, एकदा तिकडे हलकाच वाकवा. दोन-तीन वेळांत तुटला तर तो कागद चित्राचा भार घेणार नाही. आधी त्याच्या पाठीला पातळ टिशू कागद खळीने लावून घ्या, मग पुढचं.

आम्लता तपासायचं पेन मिळतं. रेघ जांभळी झाली तर ठीक, पिवळी राहिली तर आम्ल आहे. सापडलेल्या कागदावर कडेला, मागच्या बाजूला ओढा, डाग कायमचा राहतो.

यावर चुन्याची निवळी सुचवणारे बरेच भेटतात. मूळ कल्पना खरी आहे, कागद-संवर्धनात अशा पाण्याचा उपयोग होतो. पण तिथे पीएच मोजून करतात. घरात अंदाजपंचे केलं तर काही रंग बदलतात आणि वर्तमानपत्र उलट जास्त पिवळं होतं. नका करू. त्यापेक्षा वर्तमानपत्राच्या दोन्ही बाजूंना ॲक्रिलिक मीडियमचा हात द्या, खाली अ‍ॅसिड-फ्री कागद ठेवा आणि चित्र उन्हापासून लांब टांगा. तरी पिवळं पडणारच, सावकाश पडेल. मी तर तो रंग धरूनच चित्र आखते.

ठिपके, कसर, कुबट वास

पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोर बाजारातला मटण स्ट्रीट आहे, आणि प्रत्येक गावात एक तरी रद्दीवाला. तिथून आणलेला गठ्ठा थेट बाकीच्या संग्रहात ठेवणं हे सगळ्यात महागात पडतं. माझ्याकडे नवीन माल आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद होऊन फ्रीझरमध्ये जातो, उणे 18 अंशांवर दोन आठवडे, मटारांच्या शेजारी. घरच्यांनी आता विरोध सोडलाय. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची, नाहीतर थंड कागदावर पाणी जमतं. यात कसर आणि अळ्या मरतात, बुरशी मरत नाही.

बुरशी असेल तर आधी कागद सावलीत पूर्ण सुकवायचा, मग बाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशने झटकायचा. ओली असताना पुसली तर ती कागदात रुतते. तपकिरी ठिपके जात नाहीत, त्यांच्याशी जुळवून घ्या. कुबट वासाला बंद डब्यात खाण्याचा सोडा, कागदाला न लागू देता, आठवडाभर. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या मी ठेवते. आजोळी पोथ्यांच्या लाल फडक्यात असायच्याच.

चकचकीत कॅलेंडर आणि रंगीत मासिकांचे गठ्ठे ओल्या जागी एकावर एक ठेवू नका. त्यावरचा गुळगुळीत लेप भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि वीट होते, ती सुटत नाही. टाचण्या, स्टेपलच्या पिना आल्या आल्या काढा, गंज शेजारच्या तीन पानांत उतरतो. पिवळी झालेली सेलोटेप उपटू नका, हेअर ड्रायरने हलकं गरम करून मागे वळवत सोलायची. तिचा तपकिरी डाग राहतो, त्यावर रंग लावा.

रेल्वेची पुठ्ठ्याची छोटी तिकिटं, साधारण 57 बाय 30 मिलिमीटरची, चित्रात उंचवटा करतात. ती थरांची असतात. मागची बाजू ओली करून एकेक थर सोलला की चेहरा तेवढा पातळ हातात येतो. हे फार समाधानाचं काम आहे.

आधीच फुगलेलं चित्र आलं असेल तर

आधी खाली कुठला गम आहे ते आठवा. ॲक्रिलिक मीडियम किंवा पांढरा गम असेल तर वर बटर पेपर ठेवून इस्त्री अगदी कमी आचेवर, पाच-पाच सेकंद टेकवायची. गम उष्णतेने मऊ होतो आणि पुन्हा धरतो. लगेच वजन ठेवायचं, गार होईपर्यंत. खळ असेल तर ओल्या टीपकागदाने फुगा मऊ करायचा. दोन्ही जमलं नाही तर छपाईच्या एखाद्या काळ्या रेघेवरून ब्लेडने बारीक चीर द्यायची, औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घेऊन पातळ खळ आत सोडायची आणि दाबून बाहेर आलेली पुसायची. रेघेवर दिलेली चीर नंतर मलाही सापडत नाही. दहाएक फुगे असतील तर मात्र सोडवत बसू नका, पुन्हा करणं सोपं.

मूळ कागद कापायचा का?

छापील, हजारोंनी निघालेली वस्तू असेल तर मी बिनदिक्कत कापते. एकुलता एक हाताने लिहिलेला कागद असेल तर आधी स्कॅन, आणि मोडी असेल तर कुणातरी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय कात्री नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडी वाचणारी माणसं आता बऱ्याच शहरांत भेटतात. बहुतेक कागद देण्याघेण्याचे, वाटणीचे निघतात, पण ते आधी कळायला हवं. आणि परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना "छान जुनी कागदपत्रं" कुरिअर करण्याआधी एक लक्षात घ्या: 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित किंवा दस्तऐवज परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. लेझर प्रिंटला असली काही अडचण नाही.

चित्र फ्रेम करताना काच थेट कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा. भिंत आणि चित्र यांच्यात बोटभर हवा खेळली की ओल आत शिरत नाही. आत्याकडचं चित्र आता तसं टांगलंय, कूपनाच्या जागी लेझर प्रिंट लावून. जांभळं झालेलं मूळ माझ्याकडे टीपकागदात आहे, फक्त पोस्टाचा गोल शिक्का वाचता येतो.